घरचे तूप फुकट नसते
नानकटाईच्या धंद्यातला एक धडा

दिवाळीच्या तोंडावर तालुक्याच्या बेकरीपुढे बायकांची रांग लागायची, हे आता पन्नाशीत असलेल्या पिढीला चांगले आठवत असेल. घरून मैदा, साखर, तूप डब्यात घालून न्यायचे. बेकरीवाला किलोवर भाजणावळ घ्यायचा. पत्र्यावर आपल्या नावाची चिठ्ठी ठेवायची आणि भट्टीतून पत्रा बाहेर येईपर्यंत डोळ्यांत तेल घालून बसायचे. न जाणो, आपला साजूक तुपाचा पत्रा जायचा दुसरीकडे आणि डालड्याचा यायचा घरी!

आमच्या शेजारच्या वहिनी या रांगेतच नानकटाई शिकल्या. लग्न होऊन आल्यावर जुन्या कुकरमध्ये वाळू तापवून, शिट्टी काढून ठेवून, त्यांनी केक भाजले. पुढे विजेची भट्टी घेतली. शाळेतल्या बाई, पतसंस्थेतले कर्मचारी, स्टँडवरचा चहावाला, असे करत गिऱ्हाईक वाढले. अडीचशे रुपये किलोने नानकटाई हातोहात जायची. तीन वर्षे हे चालले. पण वर्षाच्या शेवटी हातात काय राहिले म्हणाल, तर नवा मिक्सरसुद्धा हप्त्यावर घ्यावा लागला.

वहिनींचा हिशेब सरळ होता. किलोभर मालाला मैदा, रवा, बेसन, पिठीसाखर आणि वेलदोडा मिळून पंचावन्न रुपये. तूप घरचे. म्हणजे जवळजवळ दोनशे रुपये सुटले!

बारावी कॉमर्सला असलेल्या त्यांच्या मुलीने एका रविवारी वही काढली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "आई, ते दूध डेअरीला घातलं असतं तर?"

गोम इथेच होती. किलोभर नानकटाईला तीनशे ग्रॅम तूप लागते. म्हशीच्या साधारण पंधरा लिटर दुधाचे एक किलो तूप होते, तेव्हा किलोमागे साडेचार लिटर दूध गेले. तूप विकायचे म्हटले तरी सातशेच्या भावाने त्याचे दोनशे दहा रुपये झाले. वीज, पुठ्ठ्याचा डबा आणि ने-आण यांचे पस्तीस. एकूण तीनशे. म्हणजे विकलेल्या प्रत्येक किलोला वहिनी पदरचे पन्नास रुपये घालत होत्या, आणि यात त्यांची मजुरी धरलेलीच नाही. चार किलोचा घाणा वजन करण्यापासून डबे भरेपर्यंत पाच तास खातो. तेवढ्या वेळात दुसऱ्याच्या रानात भांगलण केली असती तरी पैसे मिळाले असते.

सासूबाईंना हे पटेना. "अगं, तूप काय दुकानातनं आणलंयस होय? आणि गावातल्या माणसांकडनं एवढे पैसे कुठल्या तोंडानं मागायचे?" त्यांचेही चुकले म्हणवत नाही. खेड्यात खाण्याची वस्तू दिली-घेतली जाते. तिला भाव लावायला जीभ रेटत नाही. घरगुती उद्योग बसतात ते बऱ्याचदा माल वाईट म्हणून नव्हे, या संकोचापायी बसतात, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

दुसरी अडचण विजेची. गावात वीज कमी दाबाने येते. तेव्हा भट्टी पुरती तापत नाही, तूप आधी वितळते, नानकटाई पसरते आणि पांढरीच राहते. वहिनी आता दाब बरा असतो त्या वेळी, पहाटे चारला उठून भाजतात. फुटका माल किलोला शंभर ग्रॅम तरी निघतोच. तोही आता किमतीत धरला जातो.

हे सगळे धरून भाव निघाला चारशे चाळीस. पहिल्या महिन्यात निम्मे गिऱ्हाईक तुटले. चहावाला तर स्पष्टच म्हणाला, "ताई, एवढ्याला कोण घेतंय?" त्याच्यासाठी वहिनींनी नाचणी आणि कणकेची, कमी तुपाची बिस्किटे काढली, ती सुटी विकली जातात. साजूक तुपाची नानकटाई फक्त आगाऊ मागणीवर.

कागदपत्रांची भीती मात्र उगाच. 2011 साली लागू झालेल्या नियमांनी बारा लाखांपर्यंत वार्षिक उलाढाल असणाऱ्या घरगुती उत्पादकाला परवान्याऐवजी साध्या नोंदणीची सोय केली आणि तिची फी वर्षाला शंभर रुपये ठेवली. नियम मधून मधून बदलतात, म्हणून आजची फी आणि मर्यादा अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात विचारून घ्यावी. डब्यावर घटक, वजन, किंमत, केल्याची तारीख, किती दिवसांत संपवावे, नाव-पत्ता आणि नोंदणी क्रमांक लागतो. आणि भगिनींनो, केकमध्ये अंडे असेल तर हिरवे चिन्ह लावता येत नाही, हे विसरू नका. आपल्याकडे वारकरी घरे बरीच. त्यावरून गिऱ्हाईक कायमचे दुरावते.

तुटलेल्यांपैकी काही परत आले, काही नाही आले. पतसंस्थेतली मंडळी डबा परवडत नाही म्हणून आता बिस्किटेच नेतात. मिक्सरचे हप्ते मात्र या वर्षी नानकटाईच्या पैशातून फिटले.

परवा माहेरच्या भावजयीने पाच किलोची मागणी कळवली. वहिनींनी चिठ्ठीवर बावीसशे रुपये लिहिले, दोनदा खोडले, पुन्हा तेच लिहिले. भाच्यांसाठी अर्धा किलो वेगळी पुडी बांधली. मुलीने तीही वहीत मांडली: "पाहुणचार, दोनशे वीस."