आधी मंजुरी, मग गाडी

गणवेश उतरवल्यावर : भाग ९

मागच्या आठवड्यात अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याकडून, म्हणजे व्हीएकडून, अपंगत्वाची टक्केवारी कशी ठरते ते आपण पाहिलं. तो भाग वाचून एका काकांचा फोन आला. मुलगा अमेरिकेतच वाढला, तिथल्याच लष्करात भरती झाला आणि उजवा पाय गुडघ्याखालून गमावून घरी परतला. काका म्हणाले, "पोरगं घरात कोंडून बसलेलं बघवेना, म्हणून दिवाळीआधी गाडी घेऊन टाकली. विकणारा म्हणाला, फॉर्म काय, नंतरही भरता येतो." नंतर भरता येत नाही. त्या एका वाक्यापायी या घराला पंचवीस हजार डॉलरांहून मोठ्या रकमेवर पाणी सोडावं लागलं. म्हणून आजच्या भागातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सुरुवातीलाच सांगते. अर्ज करा, मंजुरीचा कागद हातात येऊ द्या आणि मगच गाडीच्या दुकानाची पायरी चढा.

गोंधळ होतो तो 'गाडीची मदत' या एका नावाखाली व्हीएच्या दोन वेगळ्या मदती असल्यामुळे. पहिली मदत गाडी घेण्यासाठी मिळणारी एकरकमी रक्कम. तिची सुरुवात दुसऱ्या महायुद्धातून हातपाय गमावून आलेल्या सैनिकांसाठी १९४६ साली झाली, तेव्हा ती १,६०० डॉलर होती. आता दर १ ऑक्टोबरला आकडा बदलतो; ऑक्टोबर २०२४ ते सप्टेंबर २०२५ या वर्षासाठी तो २७,०७४.९९ डॉलर होता. हे पैसे सैनिकाच्या खात्यात येत नाहीत, थेट गाडी विकणाऱ्याला जातात. अर्जाचा क्रमांक २१-४५०२.

दुसरी मदत गाडीत बसवायच्या उपकरणांसाठी. तिचा अर्ज वेगळा, क्रमांक १०-१३९४, आणि तो व्हीएच्या रुग्णालयातल्या कृत्रिम अवयवांच्या विभागात द्यायचा. पहिली रक्कम गाडीसाठी, तर ही गाडी चालवता यावी किंवा तिच्यात चढता-उतरता यावं यासाठी. ही एकदाच मिळून संपत नाही. गाडी बदलली की पुन्हा मागता येते, मात्र चार वर्षांत दोनच गाड्यांसाठी. पैसे विक्रेत्याला किंवा सैनिकाला, कुणालाही मिळू शकतात. पण इथेही मंजुरी आधीच लागते.

पात्रतेबद्दल एक गैरसमज फार खोल रुजला आहे. शंभर टक्के अपंगत्व असलं की गाडी मिळतेच, असं लोक धरून चालतात. ही मदत टक्क्यांवर ठरतच नाही. सेवेमुळे नेमकं काय गेलं, ते पाहिलं जातं: हात किंवा पाय गेला, किंवा असूनही कायमचा निकामी झाला, चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची नजर २०/२०० किंवा त्याहून कमी राहिली, भाजल्याने गंभीर इजा झाली, किंवा स्नायू हळूहळू निकामी करणारा एएलएस हा आजार जडला. गुडघा किंवा खुबा कायमचा आखडला असेल तर फक्त उपकरणांची मदत मिळते, गाडीची रक्कम नाही. उलट, मनावरच्या आघातासाठी शंभर टक्के मिळालेल्याला यातलं काहीच मिळत नाही. ते मला पटत नाही, पण नियम असा आहे आणि तो माहीत असलेला बरा.

आता उपकरणं. उजवा पाय नसलेल्यासाठी ब्रेकच्या डाव्या बाजूला आणखी एक अॅक्सिलरेटर बसवतात. मूळच्या पेडलवर पत्र्याचं झाकण येतं, म्हणजे कृत्रिम पाय चुकून त्यावर पडला तरी गाडी उसळत नाही. बऱ्याच जोडण्या क्षणात निघतात, त्यामुळे तीच गाडी आईलाही चालवता येते. दोन्ही पाय चालत नसतील तर स्टिअरिंगच्या बाजूला हाताचा दांडा येतो. पुढे ढकलला की ब्रेक, मांडीकडे दाबला की वेग. चाकावर एक गोल मूठ असते, तिने दुसऱ्या हाताने गाडी वळवायची. व्हीलचेअर आत घेणारी लिफ्ट आणि ती जागेवर घट्ट धरणारी कुलपंही यात येतात.

कायद्याच्या यादीत एअर कंडिशनर पाहून पुष्कळ जण बिचकतात, ही चैन कशी मागायची म्हणून. ती चैन नाही. मानेजवळ मणक्याला इजा झाली की त्याखालच्या शरीराला नीट घाम सुटत नाही, उष्णता बाहेर पडायला वाटच राहत नाही. अॅरिझोनाच्या उन्हात बंद गाडीत अशा माणसाचा जीव धोक्यात येऊ शकतो. तब्येतीसाठी आणि सुरक्षिततेसाठी गरज आहे असं डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि निःसंकोच मागा. पॉवर स्टिअरिंग, पॉवर ब्रेक, पाय गमावलेल्यासाठी ऑटोमॅटिक गिअर, ही त्याच यादीतली नावं. ती हल्ली गाडीबरोबरच येतात म्हणून कुणी मागत नाही. बिलात प्रत्येक गोष्टीची किंमत सुटी लिहून घेतली तर मागणी मांडता येते.

स्वतः चालवणार असाल तर परवाना लागतो. चालवू शकत नसाल तरी मदत थांबत नाही. गाडी दुसऱ्याने चालवली तरी चालते. व्हीएच्या काही रुग्णालयांत नव्याने गाडी शिकवणारे प्रशिक्षक आहेत. दांडा बसवण्याआधी त्यांच्याकडे चार तास बसा, कारण चुकीचं उपकरण निवडलं गेलं तर ते महिनोन्महिने सोसावं लागतं.

ज्येष्ठ वाचकांसाठी एक मुद्दा. पूर्वी गाडीची रक्कम आयुष्यात एकदाच मिळे. ५ जानेवारी २०२३ला सही झालेल्या कायद्याने, पहिल्या रकमेला तीस वर्षं झाली असतील तर ती पुन्हा मिळते. जानेवारी २०३३पासून हे अंतर दहा वर्षांवर येईल. व्हिएतनामहून परतून सत्तरच्या दशकात गाडी घेतलेल्या शेजाऱ्याला हे आवर्जून सांगा.

अर्ज भरायला कुणाला पैसे देऊ नका. १९२० साली स्थापन झालेली डिसेबल्ड अमेरिकन व्हेटरन्स आणि १९४६ची पॅरलाइज्ड व्हेटरन्स ऑफ अमेरिका या संस्थांचे मान्यताप्राप्त प्रतिनिधी हे काम विनामूल्य करतात.

काकांच्या घरी सगळंच हातचं गेलेलं नाही. गाडीत अजून एकही उपकरण बसवलेलं नव्हतं, त्यामुळे १०-१३९४चा रस्ता उघडा होता. अर्ज आता दिला आहे आणि मंजुरीपर्यंत गॅरेजवाल्याला हात लावू द्यायचा नाही, असं काकांनीच बजावून ठेवलं आहे.

पुढच्या आठवड्यात घरात करायच्या बदलांसाठी मिळणाऱ्या अनुदानाबद्दल लिहीन. तोवर न्हाणीघराच्या दाराची रुंदी आणि व्हीलचेअरची रुंदी मोजून कागदावर लिहून ठेवा, ते आकडे लागतील.