एकच रेकॉर्ड दोनदा कशाला?

'मामा, यातली एक काढून टाकू ना. सेम तर आहेत.'

मी हे बोलले आणि मामाने हातातलं फडकं खाली ठेवलं. त्याची गिरगावातली बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला चाललीये. तोपर्यंत राहायला भाड्याने घेतलेली जागा एवढीशी, त्यामुळे मामीचं फर्मान निघालं होतं : रेकॉर्ड्सचा एकच खोका येईल. बाकीचं तुझं तू बघ. घरात रेकॉर्ड्स चारशेच्या वर. सगळं जॅझ आणि वेस्टर्न क्लासिकल. मामा फोर्टातल्या बँकेत होता. लंच टाइमला डबा पटकन संपवायचा आणि काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये चक्कर मारायची, अशी त्याची कित्येक वर्षं गेली. (ते दुकान २०१६ मध्ये बंद झालं. तो विषय मामासमोर काढायचा नाही.) मला सुट्टी होती, म्हणून निवडानिवडीला मी.

माझ्या हातात दोन रेकॉर्ड्स होत्या. दोन्हींवर लिहिलेलं एकच. बाख, 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स', पियानो : ग्लेन गूल्ड. रचना तीच, वाजवणारा तोच. तुम्हीही हेच म्हणाला असतात की नाही? ॲपवर एका गाण्याची पाच व्हर्जन्स आली की आपण पहिल्यावर टॅप करतो आणि विषय संपतो.

मामाने उत्तर दिलं नाही. रेकॉर्ड लावली.

पहिली १९५५ची. सुरुवातीला एक शांत धून येते, तिला आरिया म्हणतात. ती १ मिनिट ५३ सेकंदांत संपते आणि पुढच्याच क्षणी पियानो अक्षरशः धावत सुटतो. एकामागून एक ३० व्हेरिएशन्स, आणि शेवटी परत तीच आरिया. सगळं मिळून ३८ मिनिटांच्या आसपास. दमायला होतं ऐकताना, पण मजा येते. मग मामाने दुसरी लावली, १९८१ची. तीच आरिया, तेच सूर, पण आता ३ मिनिटं ५ सेकंद. प्रत्येक सुराजवळ थांबून, त्याच्याकडे बघून पुढे जावं तसं. ही आख्खी रेकॉर्ड ५१ मिनिटांची. वाद्याच्या मागे कुणीतरी गुणगुणतंय असं वाटलं, म्हणून मी मामाकडे बघितलं. तो गप्प होता. गुणगुणत होता गूल्ड. त्याला ती सवय होती, रेकॉर्डिंगवाले वैतागायचे, पण ती गेली नाही.

मग मामाने सांगितलं की पहिली रेकॉर्ड केली तेव्हा गूल्ड २२ वर्षांचा होता.

बावीस! म्हणजे माझ्या वयाचा. माझी या वर्षातली सर्वांत मोठी कामगिरी म्हणजे डिझर्टेशन डेडलाइनच्या दोन मिनिटं आधी अपलोड केलं. हा माणूस कॅनडातून न्यूयॉर्कला आला, भर जूनमध्ये कोट-मफलर घालून. वाजवण्याआधी हात गरम पाण्यात बुडवून बसायचा, आणि सोबत वडिलांनी तयार करून दिलेली एक बुटकी घडीची खुर्ची. ती खुर्ची त्याने पुढे आयुष्यभर वापरली. १९८१ ला तो परत त्याच स्टुडिओत आला तेव्हा पियानो बदलला होता, खुर्ची तीच होती. नवी रेकॉर्ड सप्टेंबर १९८२ मध्ये बाजारात आली आणि ४ ऑक्टोबरला गूल्ड गेला. वय ५०. त्याच्या थडग्याच्या दगडावर त्या आरियाचेच पहिले सूर कोरलेत.

आता सांगा, कुठली टाकायची?

मला खरं म्हणजे तो स्टुडिओ जास्त डोक्यात बसला. न्यूयॉर्कच्या ईस्ट ३०व्या रस्त्यावरचं एक जुनं चर्च, कोलंबिया कंपनीने १९४९ मध्ये स्टुडिओ म्हणून वापरायला घेतलेलं. छत प्रचंड उंच, त्यामुळे आवाज छान घुमायचा. तिथे बाखही वाजला आणि जॅझही. मामाने खोक्यातून पुढची रेकॉर्ड काढली ती त्याच खोलीतली, माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू'. २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९, दोन दिवसांत संपलेलं काम. वाजवणाऱ्यांच्या हातात आधीपासून घोटलेलं फारसं काही नव्हतं. माइल्सने नुसते आराखडे आणले होते.

इंटरनेटवर हमखास वाचायला मिळतं की 'काइंड ऑफ ब्लू' म्हणजे जॅझमधला राग. मीही ते मोठ्या तोऱ्यात मामाला ऐकवलं. तो म्हणाला, 'अगं, सतत बदलणाऱ्या कॉर्ड्सऐवजी एकेका स्केलवर बराच वेळ राहायचं, एवढंच साम्य. नुसतं स्केल म्हणजे राग असता तर भूप आणि देसकार एकच झाले असते.' मी गप्प.

मग गंमत झाली. मामाच्या रेकॉर्डवर 'सो व्हॉट' सुरू होतं, मी फोनवर तेच लावलं. दोन्ही जुळेनात. मामाचं किंचित चढं. मला वाटलं, टर्नटेबल बिघडला. तर नाही! २ मार्चला स्टुडिओतलं टेपमशीन जरासं हळू फिरत होतं, त्यामुळे त्या टेपवरून काढलेल्या रेकॉर्ड्सची पहिली बाजू कायम थोडी जलद, थोडी चढी वाजायची. ही चूक १९९२ मध्ये दुरुस्त झाली. म्हणजे ३३ वर्षं जगाने हा अल्बम चढाच ऐकला, आणि मामा अजूनही तोच ऐकतो. 'दुरुस्त केलेलं बरोबर असेल,' तो म्हणाला, 'पण मला पाठ हे आहे.'

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर याच 'सो व्हॉट'पासून करा. नऊ मिनिटांचं आहे. पहिल्यांदा फक्त पॉल चेंबर्सचा डबल बेस ऐका. तो एक वाक्य बोलतो, बाकीचे दोन सुरांत उत्तर देतात. दुसऱ्यांदा फक्त जिमी कॉबची झांज. तिसऱ्यांदा काहीच ठरवू नका. मी पहिल्या दोन वेळा मध्येच फोन उचलला, खोटं कशाला बोलू.

त्याच वर्षी त्याच खोलीत डेव्ह ब्रुबेकच्या क्वार्टेटने 'टेक फाइव्ह' वाजवलं. हेच लोक १९५८ मध्ये मुंबईत वाजवून गेले होते. त्यात पाच मात्रा, तीन आणि दोन. तबला शिकलेल्यांनी बोटांवर मोजून बघा. झपतालाची सवय असेल तर हात आपोआप 'दोन-तीन' करायला जातो आणि फसतो.

तो स्टुडिओ आता नाही. १९८१ मध्ये बंद झाला, गूल्डची दुसरी 'गोल्डबर्ग' तिथल्या अगदी शेवटच्या रेकॉर्डिंग्जपैकी एक. पुढे इमारत पाडली आणि तिथे फ्लॅट्स झाले. हे सांगताना मामा खिडकीतून खाली बघत होता. खाली बिल्डरच्या माणसांनी पत्रे उतरवायला घेतले होते.

रात्री साडेअकरापर्यंत आम्ही बसलो. खोक्यात ६२ रेकॉर्ड्स मावल्या. काही त्याच्या मित्रांकडे गेल्या, बऱ्याच विकाव्या लागल्या. घ्यायला आलेला माणूस कव्हर बघून भाव सांगत होता, तेव्हा मामा स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिला. मामीने त्याला काही न बोलता चहा दिला.

१९८१ची 'गोल्डबर्ग' मामाच्या खोक्यात गेली. १९५५ची त्याने वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या बॅगेत घातली. माझ्याकडे टर्नटेबल नाही. सध्या ती कपाटात ओढण्यांच्या मागे उभी आहे. आडवी ठेवायची नाही, वाकते, असं बजावून सांगितलंय.