साती आसरा, निम्फ आणि फुलराणी : पाण्याची अट आणि प्रेमाची कविता

आजचा विषय आहे निम्फ. म्हणजे ग्रीक पुराणकथांमधल्या पाण्याच्या, झाडांच्या, डोंगरांच्या देवता आणि पुढे युरोपातल्या प्रबोधनकाळात ज्या प्रेमकवितेच्या नायिका झाल्या त्या. विषय कळल्यावर एका श्रोत्यांनी विचारलं, की याचा जळगाव-धुळ्याशी संबंध काय? प्रश्न रास्त आहे. म्हणून आज आपण ग्रीसपासून नको, विहिरीपासून सुरुवात करू.

आपल्याकडे जुन्या विहिरीच्या किंवा नदीतल्या डोहाच्या काठी शेंदूर लावलेले सात दगड ओळीने मांडलेले दिसतात. त्या साती आसरा. जवळपास कुठेतरी त्यांचा म्हसोबाही असतो. 'आसरा' हा शब्द 'अप्सरा' या शब्दाचंच लोकांच्या तोंडी रुळलेलं रूप. आणि अप्सरा म्हणजे मुळात इंद्रसभेतली नर्तकी नव्हे. 'अप्' म्हणजे पाणी. पाण्यात संचार करणारी ती अप्सरा. साती आसरांची परंपरेने सांगितली जाणारी नावं बघा : मत्सी, कूर्मी, कर्कटी, दर्दुरी, मकरी. मासा, कासव, खेकडा, बेडूक, मगर! कॅलेंडरवरची सुंदरी यात कुठेच नाही. ही सगळी डोहात राहणारी मंडळी आहेत.

आसरांशी वागायची एक रीत असते. विहिरीला पाणी लागलं की आधी त्यांची ओटी भरायची, नारळ फोडायचा, हिरव्या बांगड्या ठेवायच्या. भर दुपारी, तिन्हीसांजेला एकट्याने डोहावर जायचं नाही. कुणी बुडालं तर म्हणतात, 'आसरांनी ओढलं'. कुणी भ्रमिष्टासारखं वागू लागलं तर म्हणतात, 'आसरा लागल्या'.

आता ग्रीसमध्ये जाऊ. तिथे झऱ्यांच्या निम्फांना नायड म्हणतात, झाडांच्या त्या ड्रायड, डोंगरांच्या ओरिअड. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातला थिओक्रिटस हा गुराखी-कवितेचा आद्य कवी. त्याच्या एका काव्यात हायलस नावाचा देखणा पोरगा घागर घेऊन झऱ्यावर जातो आणि पाण्यातल्या निम्फ त्याचा हात धरून त्याला आत ओढतात. आमच्या एखाद्या आजीने ही गोष्ट ऐकली असती तर ती एवढंच म्हणाली असती, 'आसरांनी नेला.'

'लागणं'सुद्धा तिकडे आहे. अथेन्सजवळ वारी इथे निम्फांची एक गुहा आहे. तिथे इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात आर्खेडेमोस नावाच्या माणसाने कोरीव काम केलं, बाग लावली आणि शिलालेखात स्वतःला 'निम्फांनी धरलेला' म्हणवून घेतलं. त्याच्यासाठी ते एकाच वेळी झपाटणं होतं आणि भक्तीही.

या दोन परंपरांनी एकमेकींकडून उसनं घेतलं असं आम्ही म्हणत नाही. पाणी जीव जगवतं आणि जीव घेतंही. हा अनुभव दोन्हीकडे सारखाच. म्हणून पाण्याला बाईचं रूप दिलं गेलं आणि तिच्याशी व्यवहाराची एक अट ठरली : घ्या, पण विचारून घ्या.

ही अट आपल्या सर्वांत जुन्या प्रेमकथेतही आहे. पुरूरवा-उर्वशी संवाद ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात, पंचाण्णवाव्या सूक्तात येतो. शतपथ ब्राह्मणात तीच कथा विस्ताराने सांगितली आहे. तिथे उर्वशी राजाकडे राहायला येते ती अटी घालूनच. अट मोडते आणि ती निघून जाते. राजा शोधत शोधत एका सरोवरावर पोचतो, तेव्हा अप्सरा पाणपक्ष्यांच्या रूपात पोहत असतात. तो विनवतो. उर्वशी त्याच्याशी बोलते, पण घरी परतायला तयार होत नाही. तिला स्वतःचं मत आहे, हे लक्षात ठेवा.

कारण पुढे युरोपातल्या कवितेत नेमकं हेच हरवत गेलं. ओव्हिडच्या 'मेटामॉर्फोसिस'मध्ये, म्हणजे इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुरुवातीला, अपोलो डॅफ्नेच्या मागे धावतो. ती नदीदेवाची मुलगी. तिला तो नको आहे. शेवटी ती बापाची विनवणी करते आणि लॉरेलचं झाड होते. तरी अपोलो काय करतो? त्याच झाडाची पानं डोक्यावर मिरवतो. कवींचा मानाचा मुकुट लॉरेलचा असतो, तो असा. तिचा नकार त्याचा दागिना झाला.

प्रबोधनकाळात या कथांना बहर आला. सान्नाझारोचं 'आर्केडिया' १५०४ साली छापलं गेलं, तासोचं 'अमिंता' हे नाटक १५७३ साली फेराराच्या दरबारी मंडळींसमोर झालं. त्यात मेंढपाळ आहेत, कुरणं आहेत, निम्फ आहेत. पण लिहिणारे आणि ऐकणारे बहुतेक दरबारातले. त्यांना झऱ्यावरून घागर आणायची नव्हती. म्हणून निम्फ पाण्यापासून सुटली आणि नुसती हाती न लागणारी प्रेयसी उरली. तिचं सौंदर्य राहिलं, अट गेली.

पूर्ण गेली असंही नाही. मार्लोची एक प्रसिद्ध इंग्रजी कविता आहे. तिच्यात मेंढपाळ प्रेयसीला म्हणतो, माझ्याकडे राहायला ये, फुलांचे कपडे देईन. १६०० सालच्या एका संग्रहात त्या कवितेसोबत तिला दिलेलं उत्तरही छापलं गेलं. ते वॉल्टर रॅलेचं मानलं जातं आणि त्यात बोलते ती निम्फ. तिचं म्हणणं थोडक्यात असं : फुलं सुकतात, थंडी येते, शब्द विसरले जातात, तारुण्य टिकलं असतं तर आले असते. हिशेब चोख आहे. उर्वशीच पुन्हा बोलतेय असं वाटतं.

आता परत खानदेशात येऊ. त्र्यंबक बापूजी ठोंबरे १८९० साली धरणगावला जन्मले. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात त्यांना 'बालकवी' ही पदवी मिळाली. १९१८ साली भादली स्टेशनाजवळ रेल्वे अपघातात ते गेले, वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी. त्यांची 'फुलराणी' आपण शाळेत पाठ केलेली असते. आज तिच्याकडे निम्फच्या नजरेने बघा. ग्रीक भाषेत 'निम्फी' या शब्दाचा एक साधा अर्थ आहे नवरी. आणि फुलराणी कोण आहे? कुरणातली एक अजाण कळी, जी रविकिरणाची नवरी होते. इथे पाठलाग नाही. ती लाजते, रात्रभर वाट बघते आणि पहाटे अख्खं रान तिचं लग्न लावतं. डॅफ्ने नको म्हणत झाड झाली. फुलराणी मनापासून फूल झाली. प्रेमकवितेत दोघींमधला हा फरक फार मोठा आहे.

त्यांची 'औदुंबर' ही आठ ओळींची कविता तर आपल्याला थेट डोहाकाठी नेते. काळसर पाणी आणि त्यात पाय सोडून बसलेलं झाड. प्रेयसी नाही, देवता नाही. तरी तिथे कुणीतरी आहे असं वाटत राहतं. सात दगडांसमोर उभं राहिल्यावर जे वाटतं, तेच. दरबारी कवितेने जागा सोडली होती, बालकवींनी ती परत आणली.

शेवटी एक जवळचं उदाहरण. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात पाचव्या शतकातली अप्सरा रंगवलेली आहे. उडताना तिच्या गळ्यातले हार एका बाजूला कललेले आहेत. लेण्यांखालून वाघूर नदी वाहते, तिथे ती सात कुंडांतून उड्या घेत खाली येते. तीच नदी पुढे जळगाव जिल्ह्यात उतरते, आणि वाघूर धरणाचं पाणी जळगाव शहर पितं. चित्रातली अप्सरा बघायला आपण तिकीट काढतो. नळातल्या अप्सरेची मात्र कुणाला आठवण नसते.

आम्ही हे भाबडेपणाने म्हणत नाही. आजारी माणसाला डॉक्टरकडेच न्यायचं, आणि बुडण्यापासून वाचवतं ते पोहणं आणि कठडा. पण त्या सात दगडांमध्ये एक माहिती साठवलेली होती : इथे पाणी खोल आहे, इथून घेताना थांबून विचार करा. बोअरवेलला काठ नसतो, त्यामुळे दगड मांडायला जागाही नसते. किती उपसलं हे दिसत नाही आणि विचारायचं कुणाला तेही कळत नाही. अप्सरेचं सौंदर्य कवितेने सांभाळलं. तिची अट सांभाळायचं काम आपल्याकडे आहे.

जाता जाता एक विनंती. घरातल्या सर्वांत वयस्कर बाईला विचारा, गावच्या नदीत कोणते डोह होते, त्यांची नावं काय, आणि आसरा कुठे मांडल्या होत्या. तिचं उत्तर लिहून ठेवा.