माळवदाचे घर

हैदराबादेत स्थायिक झालेल्या आपल्यापैकी पुष्कळांची मूळ घरे लातूर, धाराशिव वा बीदरकडील गावांत आहेत. तो मुलूख १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होता. दगडमातीची, माळवदाची ती घरे पाडावीत की ठेवावीत, असे माजी विद्यार्थी मला विचारतात. मी भाषेचा अध्यापक, स्थापत्याचा नव्हे. तथापि किल्लारीनंतर अभियंत्यांनी जे लिहिले ते आस्थेने वाचून माझे मत झाले आहे की, सरसकट पाडण्याचे कारण नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जन आटोपून गावे निजली असता, धरणी हादरली आणि हजारो माणसे आपल्याच घरांखाली गाडली गेली. दोष दगडाचा नव्हता, तो रचण्याच्या रीतीचा होता. दोन-अडीच फूट रुंदीची ती भिंत वस्तुतः दोन भिंतींची असते. मध्ये गोटे आणि चिखल. दोहोंना सांधणारा आरपार दगड नसेल, तर हादऱ्याने त्या एकमेकींपासून सुटतात, फुगतात, ढासळतात. त्यात माथ्यावर पांढऱ्या मातीचा भार. (गावठाणाला ‘पांढरी’ आणि शेताला ‘काळी’ म्हणणारी आपली भाषा मातीची पारख सांगते.) गळती थांबावी म्हणून पावसाळ्यापूर्वी नवा थर चढवायचा, जुना मात्र काढायचा नाही, ही पिढ्यान्‌पिढ्यांची चाल. दीड फूट माती साचली की चौरस मीटरला पाऊण टन ओझे होते. उलट, भिंती कोसळूनही लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला, असे कित्येक ठिकाणी दिसले.

उपाय यातूनच निघतो. माळवदावरील माती वीतभर किंवा त्याहून कमी ठेवावी आणि तिच्याखाली पाणी न झिरपणारा कागद अंथरावा. खांब व तुळई यांच्या सांध्यात तिरके लाकूड ठोकून सांगाडा आवळावा. भिंतीत उंचीला दोन-दोन फुटांवर आणि लांबीला चार फुटांच्या आत आरपार भोक पाडून, आकडे वळवलेली सळई घालून ते काँक्रीटने भरावे. दगड हलक्या हाताने सैल करावेत. पहारीचे घाव घालू नयेत. दारे-खिडक्यांच्या माथ्याशी जाळी व सिमेंटचा पट्टा घरास सभोवार कमरपट्ट्यासारखा बांधावा. हे सर्व जाणत्या अभियंत्याच्या नजरेखाली व्हावे, हे सांगणे नलगे.

जुन्या भिंतींवर सिमेंटचा स्लॅब टाकण्याची हौस मात्र घातक आहे. दुबळ्या खांद्यावर ते नवेच ओझे. पत्रे हलके खरे, पण मराठवाड्याच्या वैशाखात त्याखाली दुपार काढणे कठीण. जाड भिंत आणि मातीचे छत घर थंड ठेवतात, शिवाय त्यांचे सामान गावातलेच असते.

कामाचा आरंभ छपरापासून करावा. वरचा भार उतरल्याखेरीज भिंतीस हात लावू नये, आणि नवे थर मृगापूर्वी पक्के बसावेत म्हणून चैत्रातच माती उतरवावी.