बैलांच्या पाठीवरचं गाव: बंजारा तांडे एकेकाळी नेमके कसे प्रवास करायचे?

नामिबिया, बोत्स्वाना, झिम्बाब्वेतल्या ट्रक सफरीचे रील्स तुम्ही पाहिले असतील. एका मोठ्या ट्रकमध्ये वीसेक अनोळखी लोक, रोज नव्या जागी तंबू, स्वयंपाकाच्या पाळ्या, रात्री शेकोटी आणि पहाटे पुन्हा आवराआवर. यासाठी पर्यटक मोठी रक्कम मोजतात.

असं फिरतं आयुष्य पिढ्यान्‌पिढ्या जगलेला एक समाज आपल्याकडेच आहे. तो म्हणजे बंजारा. वाशिम जिल्ह्यात, मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला संत सेवालाल महाराजांची समाधी आहे. 'बंजारा काशी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या गावात रामनवमीला वेगवेगळ्या राज्यांतून भाविक येतात. ५ ऑक्टोबर २०२४ ला इथे बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटनही झालं.

तांडा म्हणजे काय?

आज तांडा म्हटलं की बंजारा वस्ती डोळ्यांसमोर येते. पण मूळ अर्थ वेगळा आहे. माल लादलेले बैल आणि त्यांच्यासोबत चालणारी कुटुंबं, या सगळ्या काफिल्याला तांडा म्हणत. धान्य आणि मीठ हा मुख्य माल. बंजाऱ्यांना 'लमाण' म्हणतात, तो शब्दही लवण म्हणजे मिठावरून आल्याचं सांगितलं जातं.

हे काफिले किती मोठे असायचे? पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाला १६३२ मध्ये उत्तर भारतात एक तांडा भेटला. त्यात १४ हजार बैल असल्याची नोंद त्याने केली आहे.

प्रवास कसा चालायचा?

बैलाच्या पाठीवर दोन्ही बाजूंना गोण्या लादल्या जायच्या. बैल वाटेत चरत चरत चालायचे, त्यामुळे वेग कमी असायचा. पण चाऱ्याचा खर्च जवळपास नसायचा. म्हणूनच धान्य-मिठासारखा जड आणि स्वस्त माल लांबवर नेणं परवडायचं.

मुक्कामी गोण्या उतरवायच्या, बैलांना मोकळं करायचं, चुली पेटवायच्या. बायका-मुलं, भांडीकुंडी, कुत्री सगळं सोबत. कधी निघायचं, कुठे थांबायचं हे नायक ठरवायचा आणि त्याचा शब्द अखेरचा असायचा. पावसाळ्यात वाटा चिखलात गेल्या की चारा-पाणी असेल तिथे तळ पडायचा.

सैन्यालाही तांडे का लागायचे?

कारण मोठ्या सैन्याचं पोट तांड्यांवर चालायचं. मुघलांच्या दख्खन मोहिमेत रसद पुरवणाऱ्या भंगी आणि जंगी या नायकांना वाटेत पाणी आणि छपराचं गवत घेण्याची मुभा मिळाली होती, अशी आख्यायिका आहे. १८०३ च्या इंग्रज-मराठा युद्धात आर्थर वेलस्लीच्या फौजेलाही बंजाऱ्यांनी धान्य पुरवलं. त्याच युद्धातली अडगावची लढाई वाशिमच्या शेजारच्या अकोला जिल्ह्यात झाली.

मग हे थांबलं कसं?

पहिला धक्का रेल्वेचा. १८६७ मध्ये वऱ्हाडातून जाणारी रेल्वे नागपूरला पोहोचली. जे अंतर कापायला तांड्याला आठवडे लागायचे, तिथे माल एक-दोन दिवसांत जाऊ लागला. बैलांचा धंदा बसला.

दुसरा धक्का कायद्याचा. १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा आणला. पुढे त्याखाली अनेक भागांत बंजारा गटांचीही नोंद झाली. पोलिसांकडे हजेरी, गाव सोडायला परवानगी. फिरणं हाच ज्यांचा व्यवसाय, त्यांच्या फिरण्यावरच संशय घेतला गेला. हा कायदा स्वातंत्र्यानंतर, ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला. म्हणूनच महाराष्ट्रात बंजारा समाज 'विमुक्त जाती' प्रवर्गात येतो. विमुक्त म्हणजे त्या शिक्क्यातून सुटलेले.

आज काय स्थिती आहे?

तांडे आता एका जागी स्थिरावले आहेत. पुसदजवळच्या गहुली तांड्यातले वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ अशी अकरा वर्षांहून जास्त काळ राज्याचे मुख्यमंत्री होते. पण सगळ्यांचा प्रवास संपलेला नाही. विदर्भ-मराठवाड्यातल्या अनेक तांड्यांवर दिवाळीच्या सुमारास घरांना कुलपं लागतात आणि कुटुंबं ऊसतोडीला निघतात. पुन्हा उघड्यावर मुक्काम, पुन्हा तीन दगडांची चूल, आणि मुलांची शाळा मागे राहते.

आफ्रिकेतली ट्रक सफर संपली की पर्यटक घरी परततो. तांड्यावरची ही कुटुंबंही हंगाम संपल्यावर परततात, पण पुढच्या दिवाळीला पुन्हा निघावं लागेल हे त्यांना माहीत असतं.