पानशेतच्या चिखलातलं वेब्ली

माझ्याकडे लायसन्सचं रिव्हॉल्व्हर आहे असं सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघतात आणि मग माझ्या जुन्या लुनाकडे. दोन्ही एकाच माणसाच्या मालकीची असतील यावर त्यांचा विश्वास बसत नाही. ते मी विकत घेतलेलं नाही. माझे वडील, अण्णा, एका गिरणीत रोखपाल होते. पगार रोखीने व्हायचे. बँकेतून पैशांची पेटी आणताना जवळ काहीतरी असावं म्हणून त्यांनी लायसन्स काढलं आणि बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉट कंपनीचं .३२ बोअरचं सहाबारी रिव्हॉल्व्हर घेतलं. सगळ्या नोकरीत ते त्यांना एकदाही झाडावं लागलं नाही.

आमची खोली पुण्याच्या शनिवार पेठेत, नदीच्या अंगाला. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला गेलं आणि आम्ही नेसत्या कपड्यांनिशी रविवार पेठेत आत्याकडे पळालो. तिसऱ्या दिवशी परत आलो तेव्हा ट्रंक गुडघाभर चिखलात रुतलेली. अण्णांनी आधी लायसन्सचं पुस्तक पानं सुटी करून वाळत घातलं आणि मग वेब्ली रॉकेलच्या डब्यात बुडवलं. ही क्रमवारी मला पुढे कळली. पुस्तक गेलं असतं तर रिव्हॉल्व्हर म्हणजे नुसता गुन्हा उरला असता. नळीच्या डाव्या अंगाला त्या पुराच्या गंजाचे बारीक खड्डे अजून आहेत, देवीच्या वणांसारखे.

मी पुढे जन्मभर टूलरूममध्ये काम केलं. त्यामुळे या वस्तूकडे मी शस्त्र म्हणून फारसं बघत नाही, जॉब म्हणून बघतो. वेब्लीची गंमत त्याच्या बिजागरीत आहे. घोड्याच्या बाजूची खिट्टी अंगठ्याने दाबली की नळी पुढे झुकते, रिव्हॉल्व्हर मधोमध उघडतं आणि सिलिंडरमधून एक चांदणी वर येऊन सगळ्या रिकाम्या पुंगळ्या एकदम बाहेर टाकते. बंद करताना खिट्टी बसल्याचा जो आवाज येतो तो ऐकून कारागीर ओळखावा. सांगाड्यावर आणि सिलिंडरवर एकच आकडा ठोकलेला आहे, कारण हा सिलिंडर याच सांगाड्यासाठी कानस मारून बसवलेला. दुसऱ्याचा घातला तर बसेलच असं नाही. नळीवर मुकुटाची खूण आहे. बर्मिंगहॅमला १८१३ पासून प्रूफ हाउस आहे. तिथे नेहमीपेक्षा जास्त दाबाचं काडतूस उडवून बघतात आणि हत्यार टिकलं तरच हा शिक्का बसतो.

या घराण्याचं मोठं भावंड म्हणजे .४५५ बोअरचं वेब्ली. ते ब्रिटिश सैन्याने १८८७ साली स्वीकारलं. १९१५ चं मार्क सिक्स पहिल्या महायुद्धाच्या खंदकांत गेलं. मग .३८ चं मार्क फोर आलं आणि त्याच्याशी फार मिळतंजुळतं रिव्हॉल्व्हर सरकारी एन्फील्ड कारखान्याने स्वतःच्या नावाने काढलं. वेब्लीने सरकारवर दावा लावला आणि तो हरली. पुढे संशोधकांच्या बक्षिसांसाठी नेमलेल्या रॉयल कमिशनने तिच्या पदरात १२५० पौंड टाकले. नक्कल आणि अस्सल हा वाद या घरात पहिल्यापासूनच आहे म्हणायचा.

परदेशात सध्या जुन्या घाटणीच्या नव्या रिव्हॉल्व्हरांची मोठी हौस आहे. कोल्टचं १८७३ चं सिंगल ॲक्शन, म्हणजे काउबॉयच्या कमरेचं, आज इटलीत उबेर्ती कंपनी बनवते. ही कंपनी १९५९ ची. हॉलिवूडला आणि हौशी नेमबाजांना जुनं रूप हवं होतं, पण शंभर वर्षांचा अस्सल नग रोज झाडायला कोणाचा जीव धजावणार? अस्सल कोल्टची खोड अशी की घोडा काडतुसावर टेकलेला असताना ते हातातून पडलं तर गोळी सुटायची. म्हणून जाणते लोक सहाऐवजी पाचच भरत आणि घोडा रिकाम्या घरावर ठेवत. १९७३ साली रुगर कंपनीने घोडा आणि पिन यांच्या मध्ये एक पोलादी पट्टी आणली. चाप पूर्ण ओढला तरच ती वर येते आणि घोड्याचा ठोका पिनेपर्यंत पोचवते. नुसत्या धक्क्याने काही होत नाही. बाहेरून तेच १८७३, आतून शंभर वर्षांचं शहाणपण.

कोल्टच्या पायथनचं उदाहरण त्याहून बोलकं. १९५५ साली आलेलं हे .३५७ मॅग्नमचं रिव्हॉल्व्हर कारागीर हाताने जुळवत. चाप लोण्यासारखा, पण असे कारागीर पिकवायचे कुठून? २००५ साली ते बंद झालं आणि २०२० साली परत आलं. आतले चौदा भाग कमी झालेले, पोलाद जास्त मजबूत. जुन्याचे भक्त नव्याला नाकं मुरडतात. मोजमापाच्या भाषेत नवंच सरस आहे आणि हे मी टूलरूमवाला म्हणून कबूल करतो. मनात मात्र कानस जिंकते.

आपल्याकडे ही तुलना करायला बसलं की गाडी भलत्याच रुळावर जाते. एखादी वस्तू मध्ये बंद पडली, लोक तिला विसरले आणि मग कोणाला तिची आठवण झाली, तर तिला रेट्रो म्हणायचं. वेब्ली भारतात बंद कधी पडलीच नाही. कानपूरच्या सरकारी कारखान्यात बनणारं .३२ चं रिव्हॉल्व्हर हे वेब्ली मार्क फोरचंच वंशज. तीच बिजागरी, तीच चांदणी. इंग्रज गेला, .४५५ सारखे सैन्याचे बोअर सामान्य माणसाला निषिद्ध ठरले आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून खाजगी आयातही जवळजवळ थांबली. मग घरगुती रिव्हॉल्व्हर म्हटलं की .३२ आणि .३२ म्हटलं की कानपूर. म्हणूनच आयात बंद होण्याआधीच्या विलायती नगाला आज लाखांत भाव येतो. तो भाव कारागिरीचा कमी आणि कायद्याचा जास्त.

२०१४ च्या जानेवारीत याच वळणाचं ‘निर्भीक’ निघालं. टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, वजन ५०० ग्रॅम, किंमत १ लाख २२ हजार ३६० रुपये, आणि दागिन्यांसारख्या मरून पेटीत. दिल्लीत २०१२ साली बसमध्ये झालेल्या बलात्काराच्या प्रकरणानंतर ते खास बायकांसाठी म्हणून पुढे केलं. आमच्या हिने बातमी वाचून एवढंच विचारलं, “सव्वा लाख असलेल्या बाईला बसने जायची वेळ येते का हो?” वर कहर म्हणजे इंग्लंडात १९७९ साली बंदुका बनवणं सोडलेल्या वेब्लीचं नाव २०२० पासून उत्तर प्रदेशात, हरदोई जिल्ह्यातल्या संडीला इथे तयार होणाऱ्या रिव्हॉल्व्हरवर येऊ लागलं.

मुळशीकडच्या एका मित्राच्या मुलाकडे असंच नवं .३२ आहे. कुठल्या कारखान्याचं ते मी सांगत नाही. जमिनीला भाव आले, गळ्यात साखळी आली, मग कमरेला हे आलं. एका रविवारी काडतुसं बाजूला काढून आम्ही दोन्ही वर्तमानपत्रावर शेजारीशेजारी उघडी ठेवली. नव्याच्या कडा बोटाला लागत होत्या, कटरच्या रेघा पुसलेल्या नव्हत्या, चाप ओढायला माझं बोट कुरकुरलं. पण सिलिंडर बंद स्थितीत हलवून बघितला तर नवा गच्च आणि अण्णांचा किंचित हलणारा. बिजागरीची पिन झिजली आहे. पोरगं खूश झालं. काडतुसांच्या बुडावर मात्र दोघांकडे एकच शिक्का होता: केएफ. के म्हणजे किरकी, इंग्रजांच्या तोंडची आपली खडकी. तिथला दारूगोळा कारखाना १८६९ चा. आमच्या घरापासून फार तर अर्ध्या तासाच्या वाटेवर.

त्या पोराला मी फर्ग्युसन कॉलेजातली गोष्ट सांगितली. २२ जुलै १९३१ ला वाडिया ग्रंथालयात वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने हंगामी गव्हर्नर हॉटसनवर रिव्हॉल्व्हर झाडलं आणि हॉटसन वाचला. पोराने विचारलं, “मेक कोणता होता?”

निवडणुकीत हत्यार जमा करण्याची नोटीस आली की मी फडक्यात गुंडाळून ते चौकीत नेतो. मागच्या खेपेला टेबलाशी नवा, पंचविशीतला शिपाई होता. त्याने सराईतपणे खिट्टी दाबून ते उघडलं, रिकामं असल्याची खात्री केली आणि नंबर टिपून घेताना वर न बघता विचारलं, “कानपूरचं ना काका?”

मी चष्मा काढून नळीवरचं नाव त्याला वाचून दाखवलं. “हां, तेच ते,” म्हणत त्याने पावती फाडली.