गोदावरी होण्याआधीचा एक दिवस

सिरोंच्याला गोदावरी म्हणजे काय हे कुणाला सांगावं लागत नाही. नाशिकहून निघालेली ही बाई मधेच तेलंगणात जाऊन येते, इथं प्राणहितेला पोटात घेते आणि पुन्हा काही अंतर महाराष्ट्राची शीव धरून वाहते. पावसाळ्यात तिच्या पुराची धास्ती आणि उन्हाळ्यात तिच्या रेतीचे चटके, दोन्ही गडचिरोलीच्या या टोकाला ओळखीचे. ओळख नाही ती तिच्या नावाच्या लढाऊ जहाजाची.

जहाजं तशी तीन. पहिली गोदावरी दुसऱ्या महायुद्धातली. फाळणीत ती पाकिस्तानच्या वाट्याला गेली आणि तिचं नाव ‘सिंध’ झालं. तिसरी माझगाव गोदीत बांधलेली, १९८३च्या डिसेंबरात नौदलात आलेली, बऱ्याच जणांना ठाऊक असलेली. मधली गोदावरी मात्र कुणाच्या बोलण्यात नसते. १९५३ साली इंग्लंडनं ती भारताला उसनी दिली, पुढं विकत दिली. ती जुनी होती आणि तिला एक गतजन्म होता. त्या जन्मी तिच्यावर पोलंडचा झेंडा होता आणि नाव होतं ‘श्लोंझाक’.

नावांची गंमत अशी. टाइन नदीकाठच्या हॉथॉर्न लेस्लीच्या गोदीत हे जहाज बांधलं गेलं तेव्हा त्याला ‘बीडेल’ म्हणायचे. इंग्रजांनी या जातीच्या जहाजांना कोल्ह्याच्या शिकारीसाठी जमणाऱ्या मंडळींची नावं दिली होती. १९४२च्या वसंतात ते पोलिश खलाशांच्या हाती दिलं गेलं आणि त्यांनी ते शिकारीचं नाव पुसून ‘श्लोंझाक’ लिहिलं. अर्थ साधा आहे: सायलेशियाचा माणूस. सायलेशिया म्हणजे कोळशाच्या खाणींचा मुलूख. हिटलरनं १९३९ साली तो सरळ जर्मनीला जोडून टाकला होता. आपलं गाव नकाशावरून गेलंय, तर निदान जहाजाच्या पाटीवर तरी राहू दे! बल्लारपूर-चांद्याच्या कोळसापट्ट्यातल्या माणसाला हा हट्ट समजावून सांगायला नको.

आता तिचा कामाचा एक दिवस. तारीख १९ ऑगस्ट १९४२, बुधवार. जागा इंग्लंड आणि फ्रान्समधला चिंचोळा समुद्र, समोर दियेप नावाचं फ्रेंच बंदर. जहाजावरची घड्याळं तेव्हा आपल्यापेक्षा साडेचार तास मागे होती, हे लक्षात असू द्या. पुढं लागेल.

मध्यरात्र ते पहाटे चार

जहाजावर दिवस सूर्यावर चालत नाही, पहाऱ्यांवर चालतो. चार-चार तासांचे पहारे, दर अर्ध्या तासाला घंटेचा एक टोल वाढत जातो आणि आठ टोल झाले की माणसं बदलतात. फक्त संध्याकाळी चार ते आठचा पहारा दोन तासांच्या दोन तुकड्यांत कापलेला असतो. तसं केलं नाही तर त्याच माणसांच्या नशिबी रोज मध्यरात्रच यायची. साध्या युक्तीतली ही न्यायबुद्धी मला फार आवडते.

त्या रात्री मात्र पहारा बदलला काय नि न बदलला काय, सगळेच जागे होते. दियेपवर छापा घालायला २३७ लहानमोठी जहाजं आणि होड्या निघाल्या होत्या. सैनिक सहा हजारांच्या घरात, त्यांतले पाच हजारांच्या आसपास कॅनडाचे. मोठ्या युद्धनौका धोक्यात घालायला ब्रिटिश नौदल तयार नव्हतं, म्हणून तोफांचा सगळा भार आठ छोट्या विनाशिकांवर. आठांतली एक श्लोंझाक. तिच्या आणि ‘ब्रॉकल्सबी’च्या सोबतीला न्यूहेवनहून निघालेल्या २३ उघड्या होड्या होत्या आणि त्यांत क्रमांक ३ची कमांडो तुकडी.

छोटी म्हणजे किती? लांबी सुमारे ८५ मीटर. रुंदी साडेनऊ मीटरच्या जरा वर, म्हणजे आपल्या एस.टी. बसच्या लांबीपेक्षाही कमी. एवढ्या जागेत दीडशेहून जास्त माणसं, दोन बॉयलर, चार इंची सहा तोफा, विमानांवर मारा करणारी चार नळ्यांची पॉम-पॉम आणि मागच्या बाजूला पाणबुडीसाठी डेप्थ चार्जची पिंपं. या जातीचं पहिलं जहाज तयार झाल्यावर कळलं की हिशेब चुकलाय, वरचा भार जास्त होऊन ते डगमगतंय. तेव्हा पुढच्या जहाजांची रुंदी वाढवली. श्लोंझाक त्या सुधारलेल्यांपैकी. मूळ काम राखणीचं, मालवाहू जहाजांच्या तांड्याबरोबर चालायचं. धाड घालायला ती जन्माला आलेली नव्हती.

जहाजाच्या ब्रिजवर कप्तान रोमुआल्ड तिमिन्स्की. हुकूम पोलिश भाषेत सुटायचे. वरिष्ठांशी बोलायला ब्रिटिश नौदलाचा एक संपर्क अधिकारी आणि त्याचे संदेशवाले जहाजावर असत. चंद्र कधीच मावळला होता.

पहाटे ३.४७

अंधारात एकदम उजेड झाला. तारे उडावेत तशा गोळ्यांच्या रेषा. झालं होतं असं, की बूलोनहून दियेपला निघालेला एक छोटा जर्मन तांडा नेमका त्या २३ होड्यांच्या वाटेत आला. होड्या पांगल्या. पुढं चालणाऱ्या गनबोटीची चाळण झाली आणि तिचं बिनतारी यंत्रही गेलं. मदत मागायला कुणी उरलं नाही.

श्लोंझाक आणि ब्रॉकल्सबी चारेक मैलांवर होत्या. तिमिन्स्कीनं लखलखाट पाहिला, ठरवलं की हा मारा किनाऱ्यावरून होतोय, आणि जहाज आखलेल्या वाटेवरच ठेवलं. चुकलं. पुढं मोहिमेच्या नौदल प्रमुखानं, कॅप्टन ह्यूज-हॅलेटनं, याबद्दल ठपका ठेवला.

मला तो ठपका अर्धाच पटतो. काळोख्या रात्री, चार मैलांवरून, किनाऱ्याच्या पार्श्वभूमीवर दिसणारा उजेड पाण्यावरचा की जमिनीवरचा हे ओळखणं सोपं नसतं. आणि ज्याच्याकडून निरोप यायचा त्याचं यंत्रच फुटलेलं. पण राखणदाराचं काम हेच की शंका आली तर जाऊन बघायचं. आपल्याकडच्या रानात रात्री शेत राखणारा माणूसही कुत्रं भुंकलं की मचाणावरून उतरतो. उरलेला अर्धा ठपका म्हणून राहतोच. त्या होड्यांपैकी काहीच किनाऱ्याला लागल्या. एका जागी तर वीसच माणसं उतरली आणि त्या विसांनी एका जर्मन तोफखान्याला तासन्‌तास नीट मारा करू दिला नाही, ही गोष्ट निराळी सांगण्यासारखी आहे.

पहाटे चार ते आठ

कामाचा दिवस सुरू झाला असं म्हणायचं ते इथून. ४.५० ही दियेपच्या पूर्वेला पुई इथं उतरण्याची वेळ. रॉयल रेजिमेंट ऑफ कॅनडा तिथं पोचली ती थोडी उशिरा, तोवर अंधाराचा आडोसा गेलेला. समोर उभे कडे, कड्यावर मशीनगन, चिंचोळी गोट्यांची पुळण. त्या तुकडीतले बहुतेक जण परतले नाहीत. ५.२० ला मुख्य किनाऱ्यावर उतरणं सुरू झालं. तिथं रणगाड्यांच्या पट्ट्या गोट्यांत अडकत होत्या.

समुद्रावरून हे दिसत होतं, पण धुराच्या पडद्याआडून तुकड्या-तुकड्यांत. तोफखान्यावरच्या माणसाला तर तेवढंही दिसत नाही. त्याला दिसतो पुढचा गोळा. चार इंची तोफेचा गोळा काडतुसासकट सुमारे २९ किलोचा, म्हणजे सिमेंटच्या अर्ध्या पोत्याहून जड. तो हातांनी उचलायचा, हलत्या जमिनीवर उभं राहून नळीत सारायचा, मागे सरायचं, आणि लगेच दुसरा घ्यायचा. आणि इतकं करून तो गोळा काँक्रीटच्या भिंतीमागं बसलेल्या जर्मनाचं फारसं वाकडं करत नव्हता. मोठ्या तोफा न देण्याच्या निर्णयाची किंमत ती ही.

सकाळी आठ ते बारा

पहिल्या काही तासांनंतर आकाश भरलं. विमानांची एवढी मोठी झुंज युरोपात त्याआधी एका दिवसात क्वचितच झाली असेल. ब्रिटिश बाजूची शंभराच्या आसपास विमानं त्या दिवशी पडली. वरच्या वैमानिकांमध्येही पोलिश तुकड्या होत्या. आपल्याच माणसांवर आपलीच पॉम-पॉम चालू नये एवढं बघणं हेसुद्धा मोठं काम. श्लोंझाकनं काही जर्मन विमानं पाडल्याचं श्रेय घेतलं. पाण्यात पडलेली माणसं उचलली, त्यांत कॅनडाचे सैनिक होते. जेवण म्हणजे उभ्याउभ्या हातात आलेलं काहीतरी.

साडेनऊ वाजले. म्हणजे आपल्याकडे दुपारचे दोन.

इथं जरा जहाज सोडून घरी यायला हवं. त्याच तारखेला, १९ ऑगस्टला, आपल्या चांदा जिल्ह्यात चिमूरला लष्कर पोचलं. तीन दिवसांपूर्वी, १६ तारखेला, नागपंचमीच्या दिवशी, तुकडोजी महाराजांच्या भजनांनी पेटलेल्या गावानं इंग्रज सरकारविरुद्ध उठाव केला होता. गोळीबार झाला, बालाजी रायपूरकर हा पोरगा पडला; चिडलेल्या जमावानं चार सरकारी माणसं मारली. मग गोऱ्या शिपायांच्या पलटणी आल्या. त्यांनी घराघरांत शिरून बायकांवर जे केलं त्याच्या चौकशीसाठी प्रा. भणसाळींनी पुढं ६३ दिवस उपास केला. चिमूरच्या एका वाड्यात त्या दुपारी काय चाललं होतं आणि दियेपसमोर एका पोलिश गोलंदाजाच्या हातात काय होतं, हे दोन्हीकडच्या माणसांना एकमेकांबद्दल कधी कळणार नव्हतं. हुकूम मात्र दोन्हीकडे एकाच राजाचा: तिकडे तो पोलंडच्या स्वातंत्र्यासाठी लढत होता, इकडे आमच्या स्वातंत्र्यावर चालून येत होता. पोलिश खलाशाचा यात काही दोष नाही. त्याला घर परत हवं होतं आणि लढायला जहाज देणारा एकच होता.

त्यांची परिस्थितीही बघा. १९३९ साली युद्धाला दोन दिवस असताना पोलंडनं आपल्या तीन विनाशिका इंग्लंडला पाठवून दिल्या. बाकीचा देश महिनाभरात संपला. तेव्हापासून हे नौदल परक्या बंदरांत राहत होतं. श्लोंझाकचं भावंड ‘कुयाव्हियाक’ दोनच महिन्यांपूर्वी, जूनमध्ये, माल्टाजवळ सुरुंगावर जाऊन बुडालं होतं. तेरा जण गेले.

अकरा वाजता माघार सुरू झाली. किनाऱ्यावरून माणसं उचलणं फार महागात पडलं. होड्या येतात, गोळे पडतात, होड्या मागे फिरतात.

दुपारी बारा ते चार

एकच्या सुमारास आठ विनाशिकांपैकी ‘बर्कली’वर बॉम्ब पडले. ती वाचणार नाही असं दिसल्यावर ‘अल्ब्राइटन’नं तिला टॉर्पेडो मारून बुडवलं. आपल्याच सोबतीला आपल्या हातानं. दोनच्या आसपास किनारा गप्प झाला. मागे राहिलेले बहुतेक जण कैदेत गेले. जवळजवळ पाच हजार कॅनेडियनांपैकी ३,३६७ जण मारले गेले, जखमी झाले किंवा पकडले गेले, मेलेले ९०७.

चार ते आठ, आणि रात्र

परतीचं काम कुठल्याच इतिहासात नीट येत नाही. रिकामी काडतुसं गोळा करणं, तोफांच्या नळ्या पुसणं, डेकवरचं रक्त धुणं, जखमींना जागा देण्यासाठी आपला झोळीसारखा बिछाना सोडणं, वाचलेल्यांना गरम चहा-कोको पाजणं, उरलेल्या गोळ्यांचा हिशेब मांडणं. इंजिनघरातल्या माणसांनी तर दिवसभर आकाश पाहिलंच नव्हतं. त्यांना लढाई फक्त ऐकू आली. रात्र पडता पडता इंग्लंडचा किनारा. आठ टोल. पहारा बदलला.

श्लोंझाकनं पुढं युद्ध संपेपर्यंत चाकरी केली. १९४६ साली पोलिश खलाशांनी ती इंग्रजांना परत दिली. पण जिच्यासाठी लढले ती भूमी रशियाच्या वर्चस्वाखाली गेलेली, त्यामुळं त्यांतल्या अनेकांना घर परत मिळालंच नाही. तिमिन्स्की स्वतः पुढं कॅनडात राहिले. बेघर झालेले पोलिश लोक आपल्या महाराष्ट्रातही होते. कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात त्यांची पाचेक हजारांची वसाहत होती, हे पुष्कळांना ठाऊक आहे.

आणि १९५३ साली तेच जहाज, त्याच तोफा, तेच इंजिनघर, नवी माणसं घेऊन मुंबईच्या दिशेनं निघालं. पाटीवर नवं नाव: गोदावरी. तिच्याच जातीची आणखी दोन जहाजं गंगा आणि गोमती. १९७९ साली ती मोडीत निघाली.

पोलिश लोकांनी त्या एका दिवसाचा तास न्‌ तास लिहून ठेवलाय. १९५३ नंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत तिच्यावर आपली माणसं राहिली, कोकणातली, देशावरची, कदाचित चांद्याकडचीही. त्यांचा दिवस कसा जायचा हे मराठीत मला कुठं सापडलं नाही. तुमच्या घरी कुणी आजोबा, काका त्या मधल्या गोदावरीवर होते का? असतील तर आज संध्याकाळी त्यांच्यापाशी बसा, आणि पहाटे चारच्या पहाऱ्याला उठवायला कोण यायचं इथून सुरुवात करून सगळं लिहून घ्या.